रविवारच्या सुटीचा हिशेब

१ मे १९९९ रोजी, म्हणजे कामगारदिनीच, परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हळद, कापूस, सोयाबीनचा हा मुलूख, कारखानदारी बेताचीच. त्यामुळे औंढा, कळमनुरी, सेनगावकडची मुलं-मुली इंजिनिअर झाली की पुण्याच्या हिंजवडीची वाट धरतात. गावात त्यांना कुणी ‘कामगार’ म्हणत नाही आणि तीही स्वतःला तसं म्हणवून घेत नाहीत. या शब्दाची किंमत कळण्यासाठी १८८४ सालच्या मुंबईत डोकवायला हवं.

कापडगिरणी हे त्या काळातलं नवं तंत्रज्ञान. त्यावर मालक गब्बर झाले. कामगार मात्र उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबत. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यानं लहान मुलांचे कामाचे तास ठरवले, मोठ्यांबद्दल तो गप्प राहिला. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी तेव्हा गिरणी कामगारांची संघटना उभी केली. तिच्यापाशी ना निधी होता, ना सभासदांची नोंदवही. तरी साडेपाच हजार कामगारांनी निवेदनावर सह्या केल्या. आठवड्याची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, अपघातात जखमी झाल्यास मदत, एवढंच त्यांचं मागणं. १८९० च्या एप्रिलमध्ये सुमारे दहा हजार कामगार सभेला जमले. दोन स्त्रियांनीही भाषणं केली. अखेर १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

आजचं चित्र पाहा. आयटीतल्या मोठ्या कंपन्यांत नवख्या इंजिनिअरचा पगार दहा-बारा वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळला. इन्फोसिसच्या प्रमुखांना मात्र २०२४-२५ मध्ये सुमारे ८० कोटी रुपये मिळाले. टीसीएसनं २०२५ मध्ये बारा हजारांवर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं.

पुण्यात २०१७ च्या नोकरकपातीनंतर ‘फोरम फॉर आयटी एम्प्लॉईज’ची कामगार संघटना म्हणून नोंदणी झाली. पण बहुसंख्य तरुण अशा संघटनांपासून लांबच राहतात. घरच्यांना १९८२ चा गिरणी संप आठवतो. त्यात अडीच लाख कामगार उतरले आणि हजारो संसार उघड्यावर पडले. ही भीती खोटी म्हणता येणार नाही. पण एकेकट्यानं मागून रविवार मिळाला नव्हता, हेही तितकंच खरं. निरक्षर कामगारांनी अंगठे उठवून मिळवलेली ती सुटी आज रविवारीही लॅपटॉप उघडणाऱ्या त्यांच्या शिकलेल्या नातवंडांच्या हातून निसटते आहे. ती राखायची तर आधी आपणही कामगारच आहोत, हे मान्य करावं लागेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)