एक पौंड धान्य, आठ तासांची खोदाई

1891 ते 1901 या दशकात बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 12 टक्क्यांनी घटली. 1899-1900 चा दुष्काळ हे त्यामागचे मोठे कारण. पोटासाठी माणसे सरकारी कामांवर खडी फोडत, माती वाहत. अशा मजुराला किती अन्न पुरेल, हा वाद मात्र त्याआधी वीस-बावीस वर्षे पेटला होता.

जानेवारी 1877. मद्रास आणि मुंबई इलाख्यांत भीषण दुष्काळ होता. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी एक पौंड धान्याच्या किमतीवर आणली. वर किरकोळ खर्चाला थोडे पैसे. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी आक्षेप घेतला: राबणाऱ्या माणसाला किमान दीड पौंड धान्य हवे. मुंबई इलाख्यात मजुरांनी छावण्या सोडल्या. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली.

आज व्यायामाचा खर्च काढतात त्याच रीतीने हा हिशेब करून पाहू. स्वस्थ पडलेले शरीर दर किलो वजनामागे तासाला साधारण एक कॅलरी खर्च करते (आहारशास्त्रातली, म्हणजे किलोकॅलरी). फावड्याने खोदताना हा खर्च सुमारे पाचपट होतो. 50 किलोचा मजूर आठ तास खोदेल, तर 2000 कॅलरी. उरलेले सोळा तास तो नुसता पडून राहिला तरी आणखी 800. एकूण 2800. एक पौंड ज्वारीतून मिळतात सुमारे दीड हजार! भुकेले शरीर आपला खर्च आवरते, त्यामुळे प्रत्यक्ष तफावत थोडी कमी असेल. पण ती बचत मांस झिजवूनच होते.

टेंपल यांना हे कळणे अशक्य होते काय? मला तसे वाटत नाही. 1850 च्या दशकातच एडवर्ड स्मिथ यांनी लंडनच्या तुरुंगातील पायचक्कीवर चालताना श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजला होता. श्रमात तो कित्येक पटींनी वाढतो, हे तेव्हाच सिद्ध झाले होते.

पुढे दुष्काळसंहिता आल्या. कामाचे माप ठरले आणि ते न भरल्यास अनेक ठिकाणी मजुरी कापली जाऊ लागली. म्हणजे अशक्त मजूर कमी खोदणार, म्हणून कमी खाणार, म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी कमी खोदणार. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रातील कामांवर मजुरांना सुकडी वाटली गेली, तीही मजुरीखेरीज.