फटफटीचे दिल्लीपुराण

मामलेदाराची अगर डॉक्टराची स्वारी गावच्या वेशीत शिरण्याआधीच जिच्यामुळे तिची वर्दी घरोघर पोचत असे, त्या मोटारसायकलीला मराठीत आवाजावरूनच फटफटी हे नाव पडले. हिंदीने त्याच ध्वन्यनुकरणातून 'फटफटिया' घडविले. परंतु या शब्दाला सार्वजनिक वाहतुकीची सनद मिळाली ती दिल्लीत. (मराठीत पहाटही फटफटते; पण ते फटफटणे उजेडाचे, त्याचा या इंजिनाशी संबंध लावू नये.)

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपल्यावर अमेरिकन फौजेच्या जादा सामानातील ज्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकली हिंदुस्थानात राहिल्या, त्यांचे मागचे चाक काढून तेथे दोन चाकांचा आस जोडावा, त्यावर लाकडापत्र्याचा सांगाडा चढवून समोरासमोर बाके ठेवावी आणि वर कापडी छत ताणावे, अशी युक्ती दिल्लीच्या कारागिरांनी काढली, आणि सहा-आठ उतारूंची ही सवारी चांदनी चौक व कॅनॉट प्लेस यांच्या दरम्यान धावू लागली. तिच्या चालकांत शिखांचा भरणा मोठा. गिअरचा दांडा पेट्रोलच्या टाकीच्या डाव्या अंगाला आणि क्लच पायाशी, त्यामुळे हातगाड्या, टांगे आणि पादचारी यांच्या त्या खेचाखेचीत गिअर बदलताना दर वेळी एक हात हँडलवरून काढावा लागे. हे कसब सामान्य म्हणता यायचे नाही.

नावाला कारण झालेला तो आवाजही यंत्ररचनेतच होता. या इंजिनाचे दोन सिलिंडर पंचेचाळीस अंशांच्या कोनात बसविलेले आणि दोहोंचे दांडे एकाच खिळीवर अडकलेले असल्यामुळे स्फोट समान अंतराने होत नाहीत. एकानंतर ३१५ अंशांनी, दुसऱ्यानंतर ४०५ अंशांनी, म्हणजे दोन ठोके जवळ आणि मग किंचित विराम. पुढे मूळ इंजिने झिजल्यावर पुष्कळ गाड्यांत डिझेल इंजिने आली आणि ठोक्यांची ही चाल मोडली, तरी नाव कायम राहिले.

अखेर दिल्लीच्या हवेच्या प्रश्नावर, महेशचंद्र मेहता यांच्या याचिकेत, सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी हुकूम दिला. पंधरा वर्षांहून जुनी व्यापारी वाहने २ ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावरून काढण्याची मुदत ठरली, आणि अर्धशतक चाललेल्या या गाड्यांचा निकाल तत्काळ लागला. यंत्र गेले, धूर गेला, गोंगाटही गेला. परिवहन खात्याच्या परवान्यांत मात्र 'फटफट सेवा' हा वर्ग शाबूत राहिला, आणि त्याच नावाखाली चारचाकी गाड्या उतारू नेऊ लागल्या. नाव बदलण्याची तसदी सरकारदरबारी कोणी घेतली नाही, ते बरेच झाले.