एकट्याने वकिली करताना मनाची काळजी: आजारी पडल्यावर तारखेचं काय होतं?

सकाळी तालुका कोर्टात बोर्डावर सहा मॅटर, दुपारी जिल्हा कोर्टात एक, संध्याकाळी पक्षकारांचे फोन आणि रात्री ड्राफ्टिंग. एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाचा दिवस साधारण असा जातो. फर्ममध्ये काम वाटून घेता येतं. इथे ज्युनियर, कारकून आणि फी मागणारा माणूस एकच असतो. जाहिरातीवर बंदी असल्याने कामं ओळखीतूनच येतात, त्यामुळे ‘नाही’ म्हणणंही जड जातं.

खरी अडचण तारखेपाशी येते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ मध्ये सुनावणीदरम्यान एका पक्षकाराला तीनच तहकुबींची मर्यादा आहे. वकील आजारी आहे, एवढं कारण पुरत नाही. पक्षकाराला वेळेत दुसरा वकील नेमणं शक्य नव्हतं, याची कोर्टाला खात्री पटावी लागते. दुसऱ्या कोर्टात काम आहे, हे कारण तर चालतच नाही. प्रत्यक्षात न्यायाधीश बरेचदा सांभाळून घेतात, पण त्या भरवशावर शांत झोप लागत नाही.

म्हणून बदली वकिलाची सोय आधीच केलेली बरी. पक्षकाराच्या संमतीने वकालतनाम्यावर विश्वासातल्या सहकाऱ्याचंही नाव घालता येतं. तारखा फक्त स्वतःच्या डायरीत न ठेवता त्यालाही कळतील अशा ठेवाव्यात. लिमिटेशनच्या तारखा तर नक्कीच. काम झेपतच नसेल तर बार कौन्सिलच्या नियमांनुसार पुरेसं कारण आणि पुरेशी पूर्वसूचना देऊन केस सोडता येते. न केलेल्या कामाची फी मात्र परत करावी लागते.

ठरावीक पक्षकाराचा फोन टाळणं, एखादी फाइल आठवडेच्या आठवडे न उघडणं, याला अनेक जण आळस समजतात. ती चिंता किंवा नैराश्याची खूणही असू शकते. आणि नेमकी फाइल टाळल्यामुळेच मुदत चुकते.

उपचार घेतले तर सनद जाईल, ही भीती कशामुळे? ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २४-अ मधल्या अपात्रतेच्या कारणांमध्ये मानसिक आजार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार, काही अपवाद वगळता, उपचारांची माहिती गोपनीय ठेवावी लागते. याच कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. डॉक्टरकडे जाण्याआधी फक्त बोलायचं असेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे. मराठीतही बोलता येतं.