भाषेचा हक्क कुणाचा : भूमीचा की माणसाचा?



महाराष्ट्राबाहेरच्या या मराठी शाळेत स्मृतिव्याख्यानासाठी उभा राहताना एक जुना प्रश्न माझ्या मनात येतो. भाषेचा हक्क भूमीला जोडलेला असतो की माणसाला? हाब्सबर्ग साम्राज्यातील समाजवाद्यांनी तो फार पूर्वी विचारला होता.

त्या साम्राज्यात जर्मन, चेक, पोल, स्लोव्हेन एकाच शहरात, एकाच कारखान्यात मिसळून राहत. सीमारेषा कोठेही आखली तरी कुणीतरी परका ठरणारच. १८९९ साली ब्र्युन (आजचे ब्रनो) येथील सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाने राष्ट्रांच्या लोकशाही संघराज्याची मागणी केली. परंतु तिचा पाया प्रदेश हाच होता. त्याच वर्षी, संसदेच्या ग्रंथालयात नोकरीस असलेल्या कार्ल रेनर यांनी टोपणनावाने निराळा विचार मांडला. धर्म माणसाबरोबर जातो, तसे राष्ट्रीयत्वही जावे. प्रत्येकाने ते स्वतः घोषित करावे आणि अशा नोंदणीतून बनलेल्या मंडळाने आपल्या शाळा चालवाव्यात. ओटो बाउअर यांनी १९०७ च्या ग्रंथात या विचाराला तात्त्विक बैठक दिली. यामुळे कामगार राष्ट्रवार विभागले जातील, अशी टीका स्टालिन यांनी १९१३ साली केली.

मोराव्हियातील १९०५ चा समझोता समाजवाद्यांचा नव्हता, तरी त्यात हेच तत्त्व दिसते. चेक आणि जर्मन मतदारयाद्या व शाळामंडळे वेगळी झाली. मात्र मुलाने सामान्यतः त्याला येणाऱ्या भाषेच्याच शाळेत जावे, असाही नियम झाला. मग मंडळे मुलांवर दावा सांगू लागली. नोकरीच्या आशेने मुलाला जर्मन शाळेत घालू पाहणाऱ्या चेक बापाची निवड दुय्यम ठरली. माणसाला दिलेला हक्क मंडळाच्या हाती गेला.

एस्टोनियाच्या १९२५ च्या कायद्याने किमान ३,००० लोकसंख्येच्या अल्पसंख्याकांना सांस्कृतिक स्वशासन दिले. तेथे नाव नोंदवणे ऐच्छिक होते. जर्मन आणि ज्यू समाजांनी त्याचा लाभ घेतला.

आपल्या संविधानाने रेनर यांची नोंदवही स्वीकारली नाही. तरीही २९ व ३० ही कलमे आणि १९५६ साली आलेले ३५०-क हे कलम राज्याच्या सीमेपलीकडेही भाषेला आधार देतात. मला वाटते, त्या आधाराचे बळ एकाच गोष्टीत आहे. या शाळेच्या पटावरील नाव कोणा मंडळाने हक्काने मागून घेतलेले नाही. आईबापांनी ते स्वखुशीने लिहविले आहे. तेवढे स्वातंत्र्य जपले, तरच भाषेचे स्वातंत्र्य टिकेल.