संहिता, भाष्य आणि परवाना

विकत घेतलेल्या पुस्तकाचे काय करावे, हे वाचकाला कोणी शिकवावे लागत नाही. तो ते वाचतो, मित्राला देतो, जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकतो किंवा ग्रंथालयाला भेट देतो. एका प्रतीचे किती वाचक व्हावेत, हा हिशेब प्रकाशक मागत नाही. ऑपरेटिंग सिस्टीमची गोष्ट निराळी. दुकानातून रीतसर पैसे देऊन आणलेली तिची सीडी दुसऱ्या संगणकावर चढवली की कराराचा भंग होत असे. नवल असे की, भारताचा प्रताधिकार कायदा १९८४ च्या दुरुस्तीपासून संगणकाच्या प्रोग्रामची गणना ‘साहित्यकृती’तच करतो. दोन्ही साहित्यकृतीच असतील, तर वाचकाच्या अधिकारांत एवढे अंतर कोठून आले? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञानापेक्षा इतिहासात अधिक सापडते.

असा प्रयत्न प्रथम पुस्तकाच्याच बाबतीत होऊन गेला होता. लॉर्ड बायरनच्या आयुष्यावर बेतलेली हॅली अर्मिनी राइव्हज यांची ‘द कास्टअवे’ ही कादंबरी १९०४ साली अमेरिकेत निघाली. बॉब्ज-मेरिल या प्रकाशनसंस्थेने तिच्यात अशी सूचना छापली की, एक डॉलरपेक्षा कमी किमतीला हे पुस्तक विकण्याचा परवाना कोणालाही नाही. तसे केल्यास तो प्रताधिकाराचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटला विकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९०८ साली निकाल प्रकाशकाच्या विरोधात लागला. प्रत एकदा विकली की तिच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाचा ताबा उरत नाही, असे त्याचे सार होते.

विक्री झाली की ताबा सुटतो. मग विक्रीच करायची नाही, वापरण्याची परवानगी तेवढी द्यायची. सॉफ्टवेअरच्या परवान्याची सारी मेख या एका वाक्यात आहे.

ती नीट कळते युनिक्सच्या कथेत. ही ऑपरेटिंग सिस्टीम १९६९ पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आकाराला आली. मालक एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी. १९५६ साली सरकारशी झालेल्या तडजोडीमुळे तिला संगणकाच्या व्यवसायात उतरता येत नव्हते. म्हणून विद्यापीठांना युनिक्स अल्प शुल्कात, सोर्स कोडसह मिळू लागली. मात्र करारात ती कोणत्या यंत्रावर चालेल, हे यंत्राच्या अनुक्रमांकासह नोंदवलेले असे. परवाना वाचकाला नव्हता, यंत्राला होता. दुसरे यंत्र आले की कागदही दुसरा.

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील प्राध्यापक जॉन लायन्स यांनी या संहितेकडे आपण अभिजात ग्रंथाकडे पाहतो तसे पाहिले. १९७६-७७ च्या सुमारास त्यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याचा सोर्स कोड एका पुस्तिकेत छापला आणि दुसऱ्या पुस्तिकेत त्यावर भाष्य लिहिले. एकीकडे मूळ, दुसरीकडे टीका, ही पद्धत ज्ञानेश्वरी वाचणाऱ्यांना अपरिचित नाही. दहा हजारांहून कमी ओळींची ती संहिता एक विद्यार्थी समग्र वाचू शकत होता. परंतु १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर परवान्याची भाषा बदलली. सोर्स कोड वर्गात शिकवण्यास मनाई झाली आणि लायन्स यांचे भाष्य परवानाधारकांच्या कुंपणात राहिले.

पुढे जे घडले ते आपल्याकडच्या साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. दुर्मीळ ग्रंथाची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, पुसट झालेली समासातली अक्षरे! लायन्स यांचे भाष्य जवळजवळ दोन दशके असेच हातोहात फिरत राहिले. ते उघडपणे प्रसिद्ध झाले १९९६ साली. १९९८ साली लायन्स यांचे निधन झाले.

मनाईचा परिणाम मात्र उलटा झाला. युनिक्स शिकवता येईना, म्हणून ॲमस्टरडॅमच्या अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ साली मिनिक्स ही नवी प्रणाली पाठ्यपुस्तकासह तयार केली. ती अभ्यासणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स सुरू केली आणि १९९२ साली जीपीएल या परवान्याखाली आणली. तिच्यात यंत्रे मोजली जात नाहीत. वाचावे, बदलावे, वाटावे. अट इतकीच की, पुढे वाटताना हेच अधिकार समोरच्यालाही द्यावेत. परवान्याचेच शस्त्र परवान्याच्या हेतूवर उलटले.

दुसऱ्या बाजूला, २००१ च्या विंडोज एक्सपीने कागदावरची अट यंत्रात बसवली. दुकानातून घेतलेली प्रत कोणत्या संगणकावर चढवली, त्याच्या सुट्या भागांवरून खूण तयार होई आणि ती कंपनीकडे नोंदवावी लागे. तोवर वाचकाच्या सचोटीवर सोडलेला नियम आता कुलूप बनला.

श्रमाचा मोबदला मागणे गैर आहे, असे आम्ही म्हणत नाही. लेखकाच्या मानधनासाठी भांडणाऱ्यांना तसे म्हणताही येणार नाही. प्रश्न मोबदल्याचा नसून ताब्याचा आहे. मोबदला घेतल्यावरही वाचनावर ताबा ठेवता येतो, हे सॉफ्टवेअरने दाखवून दिले, आणि तो धडा पुस्तकाकडे परतला. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने, प्रकाशन-हक्क नसलेल्या पुरवठादाराकडून आलेल्या म्हणून, जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’च्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. पैसे परत मिळाले, पुढे कंपनीने क्षमाही मागितली. पण घरातल्या कपाटातून पुस्तक असे कधी नाहीसे झाले नव्हते.

१९०८ साली न्यायालयाने कादंबरीतून पुसलेली ती सूचना शंभर वर्षांनी अशी परत आली. या खेपेला ती छापावीही लागली नाही.