दंतवैद्याचा विशिखाप्रवेश

भंडारा जिल्ह्यांतील एखादा तरुण अथवा तरुणी दंतवैद्यकाची पदवी घेऊन घरीं परतली, म्हणजे पहिले कांहीं दिवस अभिनंदनाचे जातात. नंतर जाहिराती शोधणें सुरू होतें. शासकीय रुग्णालयांतील दंतशल्यचिकित्सकाची जागा, आरोग्य अभियानांतील कंत्राटी जागा, नागपुरांतील एखाद्या खाजगी दवाखान्यांत साहाय्यकाचें काम, यांपैकीं कशासाठीं तरी मुलाखतीचें बोलावणें येतें आणि घरांत तयारीची धांदल उडते. कपडे कोणते घालावे, नमस्कार कसा करावा, ‘तुमच्या अंगचा एखादा दोष सांगा’ असें विचारल्यास कोणता निरुपद्रवी दोष सांगावा, याची उजळणी चालते. या धांदलींत एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ती ही कीं, दंतवैद्यास पारखून कसें घ्यावें हा प्रश्न फार जुना आहे, आणि उमेदवाराच्या काखेंतील फाईलमधला एकेक कागद म्हणजे त्या प्रश्नास एकेका काळानें दिलेलें उत्तर आहे. तीं उत्तरें कोणत्या क्रमानें आलीं हें पाहिलें, तर मुलाखतीची तयारी कोठून आरंभावी हेंही आपोआप उमगतें.

हा प्रश्न मुळांत उद्भवला कां, तें प्रथम पाहूं. दाढ ठणकूं लागलेला मनुष्य अत्यंत अडलेला असतो. पागोटें विकत घेणारास कापडाचा पोत बोटांनीं चाचपून पाहतां येतो. दाढ धरून बसलेल्यास समोरच्याच्या हाताची पारख करण्याचें कोणतेंच साधन नसतें. आठवडी बाजारांत किंवा जत्रेंत फडकें अंथरून, उपटलेल्या दांतांची रास पुढें मांडून बसणारा मनुष्य मागील पिढ्यांनीं पाहिलेला आहे. ती रास हेंच त्याचें प्रशस्तिपत्र असे. त्यानें किती दांत काढले एवढें त्या राशीवरून कळे. त्यांपैकीं किती काढणें खरोखर अवश्य होतें आणि मागाहून कितीजणांचे जबडे सुजले, हें मात्र कळत नसे. युरोपांतील जत्रांतही असे दांत उपटणारे फिरत. एकूण, या विद्येचा पहिला परीक्षक गर्दी हा होता. आणि गर्दीची परीक्षा ही डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींचीच परीक्षा असते.

या परीक्षेवर पहिला इलाज म्हणून पदवीचा कागद आला. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्यें दंतचिकित्सा करूं इच्छिणारांस शल्यवैद्यांच्या मंडळापुढें परीक्षा देणें भाग पडलें. पुढें इ. स. १७२८ मध्यें प्येर फोशार या दंतवैद्यानें आपला द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्वाचीन दंतवैद्यकाचा जनक म्हणून ज्याला गौरविलें जातें तो हाच. दांतांत किडा असतो म्हणून दांत दुखतो, ही समजूत त्यानें निराधार ठरविली. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें त्याची एक तक्रार अधिक मोलाची आहे. जे स्वतः दांतांचें काम करीत नाहींत तेच दंतवैद्याची परीक्षा घेतात. परीक्षकांमध्यें एक तरी अनुभवी दंतवैद्य असावा, असें त्याचें म्हणणें होतें. निवड समितींत कोण बसावें, हा वाद एवढा जुना आहे!

दंतवैद्यकाचें जगांतील पहिलें स्वतंत्र महाविद्यालय अमेरिकेंत बाल्टिमोर येथें १८४० मध्यें निघालें. हिंदुस्थानांत हा मान कलकत्त्याकडे जातो. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत १९१५ मध्यें पदवी घेऊन आलेल्या डॉ. रफीउद्दीन अहमद यांनीं १९२० मध्यें तेथें दंतवैद्यकाचें महाविद्यालय स्थापिलें आणि १९२५ मध्यें या विषयाचें नियतकालिकही सुरू केलें. कलकत्त्यास हें शिक्षण घेऊन फातिमा जिना यांनीं १९२३ मध्यें मुंबईंत दवाखाना उघडला. मुंबईचें नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय १९३३ मधलें आहे. भंडारा त्या वेळीं मध्यप्रांत व वऱ्हाडांत मोडत असे, आणि तेथील मुलास हें शिक्षण म्हणजे दूरच्या शहरांतील खर्चाचें बिऱ्हाड होतें. नागपुरास शासकीय दंत महाविद्यालय निघालें तें १९६८ मध्यें. आज भंडाऱ्याचा विद्यार्थी दोन तासांच्या आंत आपल्या महाविद्यालयांत पोहोंचतो. त्याच्या पूर्वीच्या पिढीस त्यासाठीं शेंकडों किलोमीटर दूर कलकत्ता नाहीं तर मुंबई गांठावी लागे.

फाईलमधला दुसरा कागद नोंदणीचा. पदवी विद्यापीठ देतें. पण पदवी नसलेल्यास मनाई कोण करणार? त्यासाठीं राजसत्ताच हवी. इंग्लंडांत १८७८ मध्यें दंतवैद्यांच्या नोंदवहीचा कायदा झाला, परंतु नोंद नसलेल्यांचा धंदा खऱ्या अर्थानें बंद करण्यास १९२१ चा दुसरा कायदा लागला. आपल्याकडे दंतवैद्य अधिनियम १९४८ मध्यें आला. त्यानें नोंदवहीचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग केले. पदवीधर ‘अ’ भागांत गेले. पदवी नसतांही निदान पांच वर्षें याच धंद्यावर उपजीविका करणारांस ‘ब’ भागांत जागा मिळाली. या ‘ब’ भागास कोणी तडजोड म्हणेल. तथापि वडिलांपासून शिकलेल्या विद्येवर पोट भरणाऱ्या प्रामाणिक माणसास एका रात्रींत गुन्हेगार ठरवावयाचें नाहीं आणि पुढील पिढीस मात्र शिक्षणावांचून या धंद्यांत येऊं द्यावयाचें नाहीं, असा शहाणपणाचा विचार तींत होता. या कायद्याच्या जागीं संसदेनें २०२३ मध्यें राष्ट्रीय दंत आयोगाचा अधिनियम संमत केला आणि त्यांत पदवीच्या अखेरीस सर्व देशासाठीं एकच निर्गम परीक्षा योजिली.

तिसरा कागद आंतरवासितेचा, म्हणजे एक वर्ष रुग्णालयांत प्रत्यक्ष काम केल्याचा. हा सर्वांत अर्वाचीन असेल असें वाटतें. परंतु त्यामागची कल्पना सर्वांत प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील नवव्या अध्यायास ‘योग्यासूत्रीय’ म्हणतात. योग्या म्हणजे हाताचा सराव. सर्व शास्त्र मुखोद्गत असलेला शिष्यही योग्या केल्यावांचून कर्मास अपात्र होय, असा सुश्रुताचा दंडक आहे. आणि कोणतें कर्म कशावर गिरवावें याची यादीच तो देतो. कापण्याचा सराव भोपळा, कलिंगड, काकडी अशा फळांवर. भेदनाचा पाण्यानें वा चिखलानें भरलेल्या कातडी पिशव्यांवर. वेधनाचा कमळाच्या देंठावर. आणि ओढून काढण्याचा सराव फणस, बेल इत्यादि फळांच्या गरावर व मेलेल्या जनावरांच्या दांतांवर! दांत काढण्याचा हात प्रथम जिवंत माणसावर बसवूं नये, हा विवेक या एका शब्दांत सामावला आहे. बाजारांतल्या दांतांच्या राशींत आणि या मेलेल्या जनावरांच्या दांतांत जें अंतर आहे, तेंच जाहिरात आणि शिक्षण यांत आहे.

तीन कागद झाले. चौथी गोष्ट अशी कीं जिचा कागद नाहीं, आणि मुलाखत घेतली जाते ती तिच्याचसाठीं. सुश्रुताचा दहावा अध्याय ‘विशिखानुप्रवेशनीय’ या नांवाचा आहे. विशिखा म्हणजे रस्ता. शिकून तयार झालेल्या वैद्यानें लोकांच्या रस्त्यावर पाऊल कसें टाकावें, याचा तो अध्याय. त्यांतील अपेक्षांचा क्रम लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. आधीं शास्त्राचें अध्ययन, मग अर्थाचें चिंतन, मग इतरांचीं कर्में पाहणें, मग स्वतः सराव करणें, मग शास्त्र दुसऱ्यास सांगतां येणें, मग राजाची अनुज्ञा. एवढें झाल्यावर नखें व केंस कापलेले असणें, शुचिता, पांढरें वस्त्र, पायांत जोडे, साधा वेष. शेवटीं प्रसन्न मन, मंगल भाषण, कपटाचा अभाव आणि सर्व प्राण्यांविषयीं बंधुभाव.

सुश्रुतानें वेषास तुच्छ मानलें नाहीं. वाढलेल्या नखांचा हात तोंडांत घालणाऱ्यास त्यानें दारांतूनच परत पाठविलें असतें. परंतु त्यानें वेष सातव्या पायरीवर ठेवला आणि निष्कपटता त्याच्याही पुढें ठेवली. आजचा उमेदवार तयारीस आरंभ करतो तो या मधल्या पायरीपासून, आणि बहुधा तेथेंच थांबतो. आधींच्या पायऱ्या कागदांनीं भागविल्या असें तो समजतो; पुढच्या पायऱ्या विचारल्या जाणार नाहींत अशी त्याची अटकळ असते. माझ्या मतें मुलाखतीच्या भीतीचें मूळ या उलट्या क्रमांत आहे. ज्यानें वर्षभरांत स्वतः केलेल्या पन्नास कामांचा पुन्हां विचार केला आहे, कोठें मूळ तुटलें, कोठें रक्त थांबेना, कोठें वरिष्ठांस हांक मारावी लागली, हें ज्याला आठवतें, त्याला उत्तरें पाठ करावीं लागत नाहींत.

चरकानेंही वैद्यास प्रश्न कसे विचारावे हें सांगितलें आहे. ग्रंथ, त्याचीं स्थानें, त्यांतले अध्याय आणि अध्यायांतले प्रश्न, हें सर्व नांवांनिशीं व अर्थांनिशीं सांगतां यावें, म्हणजे आठ अंगांनीं परीक्षा पुरी होते. केवळ नांवें सांगणाऱ्यास चरक वैद्य मानीत नाहीं. आमच्या निवड समित्यांनींही हें ध्यानीं घ्यावें. व्याख्या विचारून व्याख्याच मिळते.

एका बैठकीच्या परीक्षेस मर्यादा असतात, हेंही इतिहास सांगतो. होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्यानें नायट्रस ऑक्साइड वायु हुंगवून वेदनेवांचून दांत काढतां येतो, हें १८४४ मध्यें स्वतःच्या दांतावर अनुभवलें. पुढच्याच वर्षीं बोस्टन येथें वैद्यमंडळीसमोर त्यानें प्रयोग केला. वायूचें प्रमाण कमी पडलें, रोगी ओरडला आणि वेल्सची कुचेष्टा झाली. १८४६ मध्यें त्याचाच एके काळचा भागीदार मॉर्टन यानें ईथर वापरून त्याच शहरांत यश मिळविलें. वेल्स खचला आणि १८४८ मध्यें त्यानें आपलें जीवन संपविलें. त्याचें तत्त्व खरें होतें. परीक्षकांनीं ओरडणें तेवढें ऐकलें. एका मुलाखतींत नाकारल्या गेलेल्या तरुणाच्या घरच्यांनीं ही हकीकत अवश्य स्मरावी.

आतां भंडाऱ्याकडे वळूं. मुलाखत ज्या जागेसाठीं आहे तेथील तोंडें कशीं आहेत, हें उमेदवारास ठाऊक हवें. हा तळ्यांचा, भाताचा, तेंदूच्या पानांचा आणि विडीकामाचा मुलूख आहे. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा येथें लहानथोर खातात. २०१२ मध्यें राज्यांत गुटख्यावर बंदी आली, तरी ही संवय मोडली नाहीं. सुपारीनें गालाच्या आंतलें अस्तर हळूहळू ताठ होतें, तोंड उघडेनासें होतें आणि कांहींजणांत पुढें कर्करोग होतो. या विकाराचें पहिलें अर्वाचीन वर्णन १९५२ मध्यें केनियांतील हिंदी स्त्रियांवरून झालें, आणि पुढच्याच वर्षीं मुंबईंत डॉ. जोशी यांनीं त्याविषयीं लिहिलें. पुस्तकांतील त्याचीं लक्षणें सर्वांना पाठ असतात. परंतु ‘तिखट भाजी झोंबते का?’ हा साधा प्रश्न झाडीबोलींत, न हिणवतां, विचारतां येणें ही वेगळी विद्या आहे. आधीं खर्ऱ्यावरून धिक्कारलेला मनुष्य खरें सांगत नाहीं, आणि पुन्हां येतही नाहीं.

समजा, समितीनें असें विचारलें: लाखांदूरकडील एक मजूर बाई रोवणीच्या दिवसांत दाढ धरून आली आहे. मुळांवर उपचार केल्यास दाढ वांचेल, पण तीन खेपा घालाव्या लागतील आणि प्रत्येक खेपेस एक दिवसाची मजुरी बुडेल. ती म्हणते, ‘काढूनच टाका.’ तुम्ही काय कराल? यास छापील उत्तर नाहीं. तिला दोन्ही वाटा समजावून सांगणें, आज वेदना थांबवून रोवणी संपेपर्यंत मुदत मिळते का तें पाहणें, आणि आपल्या हातून होणारें नसेल तर तसें स्पष्ट सांगून नागपुरास पाठविणें, यांत शास्त्र, हात आणि निष्कपटता या तिन्हींची एकदम परीक्षा होते. असा प्रश्न विचारावयास मात्र समितींत दांतांचें काम केलेला कोणीतरी हवा. म्हणजे पुन्हां आपण फोशारच्या तक्रारीपाशीं येतों.

जागा थोड्या आणि पदवीधर पुष्कळ, हें कटु सत्य आहे. उत्तम तयारी करूनही कित्येकांस नकार मिळेल. पण तयारी जर सुश्रुताच्या क्रमानें केलेली असेल तर ती वाया जात नाहीं. समितीची खुर्ची एकदां लाभते किंवा लाभत नाहीं. दवाखान्याची खुर्ची मात्र रोज भरते, आणि तींत बसलेला प्रत्येक मनुष्य कागद न मागतां, तोंड उघडून, हीच मुलाखत नव्यानें घेत असतो.