घाणेरी : बागेतून रानात

मंडळी, सटाण्याहून साल्हेरच्या वाटेला लागलात, की बांधाला अन् ओढ्याकाठी एक काटेरी झुडूप दिसते. पिवळ्या-तांबड्या फुलांचे गुच्छ, काळ्या मण्यांसारखी फळे. पान चुरगळले की उग्र वास! म्हणून हिचे नाव घाणेरी. कुणी टणटणीही म्हणतात. आपल्याला वाटते, ही इथलीच. पण १६७२ साली साल्हेरला मराठ्यांनी मोगलांचा पराभव केला, तेव्हा घाणेरी या देशात आलेलीही नव्हती.

हिचे माहेर उष्ण कटिबंधातली अमेरिका. सतराव्या शतकात डच लोकांनी ती युरोपात नेली. तिथल्या माळ्यांनी संकर करून तिच्या रंगीत जाती काढल्या. १८०९ च्या सुमारास ती कलकत्त्याच्या वनस्पतिबागेत शोभेसाठी आली. गुरे सहसा तोंड लावीत नाहीत, पाणी घालावे लागत नाही. मग लोकांनी कुंपणाला लावली. फळे बुलबुल-साळुंक्यांनी खाल्ली आणि बी रानोमाळ गेले.

पण पाखरांना कशाला बोल लावायचा? दाट सावलीत घाणेरीचे फारसे चालत नाही. तिला ऊन हवे. जिथे आपण झाडे तोडली, वणवा लावला, गुरे बेसुमार चारली, तिथेच ती माजते. तिच्या पानामुळातली द्रव्ये दुसऱ्या रोपांची वाढ रोखतात. मग खाली गवत उरत नाही, आणि गवत नाही तर चारा कुठला? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशातल्या सुमारे ४४ टक्के वनक्षेत्राला तिचा धोका आहे.

दुष्काळात भुकेले जनावर हिचा पाला खाते. मग यकृत बिघडते, कावीळ होते, उन्हाने पांढऱ्या कातडीला चिरा पडतात. असे जनावर सावलीत बांधा आणि लगेच गुरांच्या डॉक्टरला बोलवा. हिरवी फळे विषारी असतात, हे मुलांनाही सांगा.

उपाय पुष्कळ झाले. १९४१ साली तिची पाने शोषणारा एक किडा ऑस्ट्रेलियातून देहरादूनला आणला. त्यानेही ती हटली नाही. वरून छाटली तर बुंध्यातून दुप्पट फुटते; जाळली तरी पुन्हा येते. तेव्हा कुदळ घ्या. जमिनीखाली चार बोटांवर मुख्य मूळ तोडा, आणि झुडूप उपटून मुळ्या वर करून ठेवा, म्हणजे ते पुन्हा रुजणार नाही. हे काम फळे पिकण्याआधी करावे. मोकळ्या जागी मारवेल, पवन्या पेरा, आणि पुढची दोन-तीन वर्षे नवी रोपे उपटत राहा. एवढे केले नाही, तर सगळी मेहनत वाया गेली समजा.

गुरुजी, तुम्हाला एक विनंती. शाळेच्या वाटेवरची घाणेरी मुलांकडून मोजून घ्या, वहीत तारखेसह नोंदवा. पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. आपल्या गावात ती वाढते आहे की हटते आहे, हे त्या वहीतून गावाला कळेल.